सीमाभागातील हरिणपदी कुल: वेल ओळखण्यापासून औषधात वापरण्यापर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी भागातील शेतकऱ्याला रताळ्याच्या नात्यातील वनस्पती विचारल्या, तर तो एखादे-दुसरे नाव सांगून थांबतो. प्रत्यक्षात उसावर चढून शेंडे बांधून टाकणारी वेल, तळ्याच्या काठी माजलेले बेशरम, गणपतीच्या पत्रीतील विष्णुक्रांता, वैद्यांच्या कपाटातील निशोत्तर, कुंपणावर पसरलेली पिवळी अमरवेल आणि कारवारच्या वाळूवरची मर्यादवेल ही सगळी एकाच कुलातील आहेत. मराठीत या कुलाला हरिणपदी कुल म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव कॉन्व्हॉल्व्ह्युलेसी असे आहे. जगभरात त्याचे सुमारे ६० वंश आणि १,६०० हून अधिक जाती आहेत.

अन्न, औषध, विष, तण आणि परजीवी हे सारे या एका कुलात एकत्र आले आहे. त्यामुळे 'नरसाळ्यासारखी फुले असलेल्या वेली औषधी असतात' असे सरसकट म्हणण्याला काहीच अर्थ उरत नाही. एक वेल बुद्धिवर्धक म्हणून शेकडो वर्षे दिली जाते, तर तिच्यासारखेच फूल असलेले दुसरे झुडूप शेळीला लुळी करून मारते. म्हणून या लेखातील पायऱ्यांचा क्रम बदलू नये. आधी वनस्पती तिच्या अंगावरच्या खुणांनी ओळखावी, मग तिचे नाव पक्के करावे आणि त्यानंतरच ती जपायची, काढायची की वापरायची हे ठरवावे.

पहिली पायरी: कुलाची ओळख

सकाळी सूर्य वर येण्याआधी बांधावर जावे. या कुलातील बहुतेक फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटून कोमेजतात, त्यामुळे अकरानंतर गेल्यास ओळखीची निम्मी साधने हातची जातात. कळी नीट पाहावी. मिटलेली छत्री पीळ देऊन गुंडाळावी तशी ती गुंडाळलेली असते आणि उमलताना तो पीळ हळूहळू सुटतो. पूर्ण उमललेले फूल नरसाळ्यासारखे दिसते, कारण त्याच्या पाचही पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. आतून पाहिले, तर पाच पट्टे ताऱ्यासारखे पसरलेले दिसतात. फुलाखालची पाच निदले फळ धरल्यावरही गळत नाहीत. फळ म्हणजे कोरडे गोल बोंड असते आणि त्यात बहुधा चार बिया असतात.

त्यानंतर देठ मोडून पाहावा. या कुलातील पुष्कळ जातींच्या देठातून पांढरा चीक येतो. पाने एकाआड एक असतात आणि बऱ्याचदा हृदयाकृती असतात, म्हणून गुळवेलीशी घोटाळा होतो. गुळवेलीला मात्र असा दुधी चीक नसतो आणि तिची फुले बारीक, पिवळसर असतात. घोसाळी, पडवळ यांच्या वर्गातील वेली ताण्यांनी धरून चढतात. हरिणपदी कुलातील वेलीला ताणे नसतात, तिचे खोडच आधाराभोवती पीळ घालते. वरून खाली पाहिल्यास हा पीळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जातो. मुलांना ही खूण दाखवावी, ती त्यांच्या फार लवकर लक्षात राहते.

सगळ्याच जाती वेली नसतात, हेही ध्यानात ठेवावे. विष्णुक्रांता जमिनीलगत पसरते, बेशरम हे झुडूप आहे आणि अमरवेलीला पानेच नसतात.

दुसरी पायरी: वर्षभरातील चार फेऱ्या

आपल्या शिवाराची नोंद एका दिवसात होत नाही. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला कोसळणारा पाऊस बेळगाव ओलांडून अथणीकडे जाईपर्यंत इतका कमी होतो की एकाच जिल्ह्यात घाटमाथ्याचे रान आणि कोरडा माळ अशा दोन्ही ठिकाणच्या जाती मिळतात. म्हणून फेऱ्या ऋतूंप्रमाणे कराव्यात.

पहिली फेरी मृगाच्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी करावी. त्या वेळी आयपोमिया वंशातील, म्हणजे रताळ्याच्या वंशातील, रोपे नुकतीच वर आलेली असतात आणि त्यांची पहिली दोन दले आपट्याच्या पानासारखी दुभागलेली दिसतात. ऊस किंवा भुईमूग असलेल्या शेतात तण ओळखून काढायचे असेल, तर याच अवस्थेत काढणे सर्वांत सोपे असते. दुसरी फेरी श्रावण-भाद्रपदात माळावर आणि मुरमाड जमिनीवर करावी, कारण विष्णुक्रांता तेव्हा फुलू लागते. तिसरी फेरी दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर करावी. जांभळी, गुलाबी, पांढरी रानवेल या काळात बांधांवर आणि रस्त्याकडेच्या झुडपांवर सर्वाधिक फुललेली असते. चौथी फेरी भर उन्हाळ्यात, तळी आटल्यावर करावी. बेशरम किती पसरले आहे ते तेव्हाच स्पष्ट दिसते.

एक फेरी रात्रीचीही असावी. फांदेच्या वेलीची मोठी पांढरी फुले आणि बागेतील गुलचांदणीची फुले संध्याकाळनंतर उमलतात. त्यांची नळी लांब असते आणि लांब सोंडेचे पतंग त्यांवर येतात. फांदेचे शास्त्रीय नाव रिव्हिया हायपोक्रॅटेरिफॉर्मिस असे आहे आणि तिच्या कोवळ्या पानांची भाजी रानभाजी म्हणून केली जाते. नाळीची भाजी, म्हणजे आयपोमिया ॲक्वाटिका, हीसुद्धा याच कुलातील असून ती तळ्यात आणि पाणथळ जागी वाढते. तिच्या पोकळ देठामुळे तिला हे नाव पडले. सांडपाणी मिसळणाऱ्या तळ्यातील नाळ मात्र कधीही खाऊ नये.

फेरीत केवळ वनस्पतीच नव्हे, तर तिच्यावर कोण आले आहे तेही लिहून ठेवावे. राजहंसगडाच्या पायथ्याशी एका मेरेवर बसून मी एक फूल सकाळी सहापासून पाहिले होते. पहिल्या तासाभरात लहान मधमाश्या थेट नरसाळ्याच्या तळाशी उतरत होत्या आणि बाहेर येताना त्यांची पाठ परागकणांनी पांढरी झालेली दिसत होती. साडेनऊनंतर त्यांचे येणे जवळजवळ थांबले आणि साडेअकराला फुलाची कड आत वळली. फुलाला एवढाच वेळ मिळत असल्यामुळे सकाळच्या वेळी केलेली फवारणी या मधमाश्यांना थेट गाठते. फवारणी टाळता येत नसेल, तर ती संध्याकाळी करावी.

रताळ्याचे पान देठाशी जिथे जोडलेले असते, तिथे भिंगातून पाहिल्यास दोन बारीक मधुग्रंथी दिसतात. फुलाबाहेरचा हा गोडवा मुंग्यांसाठी असतो आणि तो चाटायला आलेल्या मुंग्या पाने खाणाऱ्या अळ्यांना हुसकावतात. याच पानांवर कासवाच्या पाठीसारखे कवच असलेले चकचकीत सोनेरी भुंगेरे आढळतात. मेल्यावर त्यांची झळाळी जाते. पानांना थोडी भोके पडलेली पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण तेवढ्याने रताळ्याचे उत्पादन घटत नाही.

कारवारकडे जाणाऱ्यांनी माजाळी किंवा देवबागच्या किनाऱ्यावर मर्यादवेल अवश्य पाहावी. शेळीच्या खुराप्रमाणे दुभागलेली तिची पाने आणि जांभळट फुले भरतीच्या रेषेच्या वर पसरलेली असतात. कानडीत तिला अडंबु बळ्ळी म्हणतात. तिच्या लांब खोडांना पेरापेरांवर मुळे फुटतात आणि ती वाळू धरून ठेवतात. तिच्या बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरवर जातात. किनारा 'स्वच्छ' करताना ही वेल उपटली, तर वाऱ्याने वाळू सरकू लागते आणि मागच्या टेकाडाचा आधार जातो.

तिसरी पायरी: नाव पक्के करणे

सीमाभागात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण येथे प्रत्येक वनस्पतीला किमान दोन भाषांतील नावे आहेत आणि काही नावे दोन्ही भाषांत सारखी असूनही वेगवेगळ्या वनस्पतींची आहेत. शंखपुष्पी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मराठी वैद्यक परंपरेत शंखपुष्पी म्हणून प्रामुख्याने कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटस ही वनस्पती घेतली जाते आणि पुष्कळ ठिकाणी तिच्याऐवजी विष्णुक्रांता, म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉयडिस, वापरली जाते. कानडीत मात्र शंखपुष्प म्हणजे आपली गोकर्ण असते. ती शेंगा धरणाऱ्या कुलातील आहे आणि हरिणपदी कुलाशी तिचे काहीही नाते नाही.

काही वर्षांपूर्वी बेळगावातील एका दुकानातून मी शंखपुष्पीचे वाळलेले पंचांग (मुळापासून फळापर्यंतची अख्खी वनस्पती) म्हणून एक पुडी आणली होती. घरी कागदावर पसरल्यावर त्यात चपट्या शेंगांचे तुकडे दिसले, म्हणजे ती गोकर्ण होती. दुकानदाराने फसवले होते असे मला वाटत नाही. त्याने त्याच्या भाषेतील शंखपुष्प दिले आणि मी माझ्या भाषेतील शंखपुष्पी मागितली होती. तेव्हापासून मी वहीत मराठी नाव, कानडी नाव आणि शास्त्रीय नाव अशा तीन रकान्यांत नोंद ठेवतो आणि दुकानात शक्यतो तिन्ही नावे सांगतो. आपणही हीच सवय लावून घ्यावी.

या तिन्हींतील फरक फुलांवरून सहज कळतो. विष्णुक्रांतेचे फूल निळे, करंगळीच्या नखाएवढे किंवा त्याहून लहान असते. झाड जमिनीलगत पसरते, पाने लहान असतात आणि खोडावर मऊ रेशमी लव असते. कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटसचे फूल पांढरे किंवा फिकट गुलाबी आणि त्याहून मोठे असते. गोकर्णीचे फूल निळे किंवा पांढरे असले, तरी त्याचा आकार गाईच्या कानासारखा असतो आणि तिचे पान संयुक्त असते. पहिल्या दोघींविषयी शंका राहिल्यास फूल उभे चिरून भिंगाखाली धरावे. विष्णुक्रांतेत दोन स्वतंत्र कुक्षिवृंत (बीजकोशावरचे बारीक दांडे) असतात आणि प्रत्येक पुन्हा दुभागलेला असतो. कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये कुक्षिवृंत एकच असून त्याच्या टोकाला दोन लांबट कुक्षी (परागकण चिकटतात ती टोके) असतात. आयपोमियात एकाच कुक्षिवृंतावर गोल गाठीसारखी कुक्षी असते. दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग यासाठी पुरते.

रोपवाटिकांत 'विष्णुक्रांत' म्हणून विकले जाणारे, ठसठशीत निळ्या फुलांचे कुंडीतील रोप बहुधा दक्षिण अमेरिकेतून आलेली इव्हॉल्व्ह्युलसची दुसरी जात असते. ते शोभेसाठी उत्तम आहे, पण औषधासाठी घेऊ नये. गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींत विष्णुक्रांतेचा समावेश आहे आणि त्यासाठी दरवर्षी माळावरची झाडे मुळासकट उपटली जातात. पूजेला दोन-चार फांद्या पुरतात. त्या नखाने खुडाव्यात आणि मूळ जमिनीत राहू द्यावे, म्हणजे ते झाड पुन्हा फुटते व दिवाळीनंतर बी धरते.

अमरवेलीबाबतही अशीच गफलत होते. हरिणपदी कुलातील अमरवेल, म्हणजे कस्क्युटा, पिवळसर दोऱ्यांसारखी असते. कॅसिथा फिलिफॉर्मिस ही दालचिनीच्या कुलातील परजीवी वेल हुबेहूब तिच्यासारखी दिसते, परंतु ती बऱ्याचदा हिरवट असते आणि तिला मांसल गोल फळे येतात. कस्क्युटाला मात्र सुकणारी लहान बोंडे येतात.

निशोत्तराचे शास्त्रीय नाव ऑपरक्युलिना टरपेथम असे आहे. त्याला कानडीत बिळि तिगडे म्हणतात. पांढरे फूल आणि कडांना पंखासारख्या धारा असलेले खोड ही त्याची खूण आहे. समुद्रशोक, म्हणजे आर्जिरिया नर्व्होसा, ओळखण्यासाठी पान उलटून पाहावे. मागची बाजू चांदीसारखी पांढरी आणि लोकरीसारखी मऊ लागते. वर्णनावरून खात्री होत नसेल, तर फूल, पान आणि फळ एकत्र असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी, तारीख व ठिकाण लिहावे आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या किंवा शहापूर येथील आयुर्वेद महाविद्यालयातील द्रव्यगुण (औषधी वनस्पतींचा अभ्यास) विभागाच्या शिक्षकांना दाखवावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्थाही बेळगावातच आहे.

खानापूर तालुक्यातील भीमगड परिसर २०११ पासून अभयारण्य आहे. तेथे छायाचित्र घ्यावे, वर्णन लिहावे, पण पानही तोडू नये. अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती काढणे कायद्याने गुन्हा आहे.

चौथी पायरी: औषधी उपयोग आणि त्याच्या मर्यादा

चरकसंहितेत चार मेध्य, म्हणजे बुद्धिवर्धक, रसायने सांगितली आहेत. मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला गोळा) ही ती चार होत. त्यांतही शंखपुष्पी विशेष मेध्य असल्याचे तेथे म्हटले आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलांना शंखपुष्पीचे सरबत देण्याची प्रथा याच परंपरेतून आली आहे. बाजारातील सरबतात साखर पुष्कळ असते, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

एक धोका मात्र प्रत्येक घराला ठाऊक असायला हवा. अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या विकारासाठी, फेनिटॉइन हे औषध घेणाऱ्या रुग्णांमध्ये शंखपुष्पीच्या सिद्धौषधामुळे रक्तातील फेनिटॉइनची पातळी घटल्याचे आणि थांबलेल्या फिट पुन्हा सुरू झाल्याचे आढळले आहे. वनस्पतीपासून बनवलेले आहे म्हणून ते निरुपद्रवी आहे, असे समजून अशा रुग्णाला शंखपुष्पी कधीही देऊ नये. इतर नियमित औषधे चालू असतील, तरी आधी डॉक्टरांना विचारावे.

निशोत्तर हे संस्कृत ग्रंथांतील त्रिवृत् होय. सुखाने विरेचन घडवणाऱ्या, म्हणजे पोट साफ करणाऱ्या, द्रव्यांत ते श्रेष्ठ असल्याचे चरकसंहितेत म्हटले आहे आणि त्यातील कल्पस्थान या भागात श्यामा (याचाच काळा प्रकार) व त्रिवृत् यांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्याच्या मुळाच्या सालीतील राळेसारखे द्रव्य आतड्याला चालना देते. आम्लपित्तासाठी घराघरांत घेतल्या जाणाऱ्या अविपत्तिकर चूर्णात त्याचा मोठा भाग असतो, हे ते घेणाऱ्या अनेकांना माहीत नसते; चूर्णाने पोट साफ होते ते मुख्यत्वे त्यामुळेच. हे द्रव्य वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावे. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, अशक्त वृद्ध आणि जुलाब किंवा रक्तस्राव होत असलेली व्यक्ती यांना ते घरच्या घरी अजिबात देऊ नये. काळादाणा, म्हणजे आयपोमिया निलचे बी, हेसुद्धा तीव्र रेचक असल्याने हीच खबरदारी त्यालाही लागू होते.

समुद्रशोकाचे मूळ वृद्धदारुक या नावाने वातविकारांत आणि रसायन म्हणून वापरले जाते आणि त्याची पाने परंपरेने गळू पिकवण्यासाठी बांधतात. त्याच्या बियांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांत लायसर्जिक ॲसिड अमाइड हे मेंदूवर परिणाम करणारे द्रव्य असते. ते खाल्ल्यास उलट्या, भ्रम आणि भास होऊ शकतात, तसेच गर्भाशयावरही परिणाम होण्याचा धोका असतो. बागेसाठी आणलेल्या निळ्या-जांभळ्या फुलांच्या काही परदेशी आयपोमियांच्या बियांतही हेच द्रव्य असते. असे बी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी, नाव लिहून ठेवावे. कुणी ते खाल्ल्याचे कळले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता बियांसह रुग्णालयात न्यावे.

अमरवेल औषध म्हणून देणाऱ्यांनी ती कोणत्या झाडावरची आहे हे आधी पाहावे, कारण ती यजमान झाडातील द्रव्येही शोषून घेते. कण्हेर, रुई किंवा धोतरा यांवरची अमरवेल त्यामुळे विषारी ठरू शकते. केसांच्या तेलासाठी ती वाटेल त्या कुंपणावरून ओढून आणण्याची पद्धत थांबायला हवी.

पाचवी पायरी: काय काढावे आणि कसे काढावे

बेशरम, म्हणजे आयपोमिया कार्निया, मूळचे उष्ण अमेरिकेतील आहे. कुंपणासाठी लावले गेले आणि तळी, ओढे, कालवे यांच्या काठांवर ते स्वतःहून पसरले. जनावरे एरवी त्याला तोंड लावत नाहीत. पण एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा माळावर हिरवे काहीच उरत नाही, तेव्हा शेळ्या ते खाऊ लागतात आणि एकदा चटक लागली की दुसरा चारा असतानाही तेच शोधतात. त्यातील स्वेन्सोनीन आणि कॅलिस्टेजिन ही द्रव्ये शरीरातील पेशींत साखरेच्या संयुगांचे विघटन रोखतात, त्यामुळे ती तिथे साठत जातात, आणि मज्जासंस्था हळूहळू निकामी करतात. आमच्या शेजारच्या मावशींच्या दोन शेळ्यांना हे झाले होते. आधी त्या कळपापासून मागे राहू लागल्या, मग मान थरथरू लागली, मागच्या पायांचा तोल जाऊ लागला आणि रोज दाणे खाऊनही त्या वाळत गेल्या. सगळ्यांना ते अशक्तपणाचे वाटले. त्यावर उतारा नाही. लक्षणे दिसताच जनावर बेशरमापासून पूर्ण तोडले आणि पशुवैद्यांना दाखवले, तर सुरुवातीच्या अवस्थेत सुधारणा होऊ शकते.

ते काढण्यासाठी तळे आटल्यानंतरचा, मृगापूर्वीचा काळ निवडावा. हातमोजे घालून झुडूप मुळासकट खणून काढावे. वरचेवर छाटल्यास प्रत्येक तुकड्याला ओल लागताच मुळे फुटतात आणि एकाच्या जागी दहा झुडपे उभी राहतात, म्हणून तोडलेले एकही खोड चिखलात किंवा पाण्याकाठी टाकू नये. ढीग खडकावर किंवा उंच कोरड्या जागी पसरावा आणि कडकडीत वाळेपर्यंत शेळ्या तिकडे जाऊ देऊ नयेत. पहिल्या पावसानंतर त्या जागी पुन्हा फेरी मारून नवे फुटवे हाताने उपटावेत. काठ मोकळा राहिला तर माती वाहून जाते, म्हणून तिथे लगेच वाळा किंवा स्थानिक गवत लावावे.

अमरवेल लसूणघासात फार त्रास देते. तिचे बी जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते, पण रुजलेल्या रोपाला थोड्याच दिवसांत यजमान मिळाला नाही, तर ते मरते. त्यामुळे घासाचे बी खात्रीच्या ठिकाणचे व चाळलेले घ्यावे. अमरवेल दिसताच, ती फुलण्यापूर्वी, तो भाग यजमान झाडासकट कापून तिथेच जाळावा. यजमानावर राहिलेल्या बोटभर तुकड्यातूनही ती पुन्हा वाढते. ज्या शेतात ती वारंवार येते, तिथे एक-दोन हंगाम गवतवर्गीय पीक घ्यावे, कारण जोंधळा, मका किंवा भात तिला सहसा मानवत नाही.

उसात पाचटाचे आच्छादन केल्यावर बहुतेक तण दबते, परंतु या रानवेलींचे बी मोठे असल्याने त्यांची रोपे पाचटातूनही वर येतात. मोठ्या भरणीपूर्वी (उसाला माती चढवण्यापूर्वी) आणि तिच्यानंतर महिन्याभरात अशा दोन वेळा सरीतून फिरून वेल बुडाशी कापावी. एकदा ती शेंड्याला पोहोचली की ऊस एकमेकांना बांधला जातो आणि तोडणी करणाऱ्यांचे हाल होतात. कुलाला जिचे नाव मिळाले त्या हरिणपदी वेलीची मुळे मात्र खोलवर जातात आणि तुकड्यांतून फुटतात, त्यामुळे तिच्यावर नांगर फिरवून काहीच साधत नाही. वर्ष-दोन वर्षे नेटाने फुटवे खुडत राहावे लागते.

सहावी पायरी: लावावे ते

औषधी जातींपैकी समुद्रशोक बांधावरच्या भक्कम झाडावर किंवा तारेच्या कुंपणावर चढवता येतो. त्याच्या बियांचे कवच टणक असते. ते खरखरीत दगडावर एका बाजूने हलके घासून, रात्रभर पाण्यात भिजवून पेरल्यास उगवण चांगली होते. निशोत्तर व याच कुलातील भुईकोहळा (आयपोमिया मॉरिशियाना) यांचे मूळ किंवा कंद काढला की ती वेल संपते, म्हणून रानातून आणण्याऐवजी त्यांचे बी घेऊन परसात लावावे. विष्णुक्रांतेला शेणखताचा वाफा मानवत नाही. मुरूम आणि माती निम्मी-निम्मी घेऊन उन्हात ठेवलेल्या पसरट कुंडीत ती उत्तम वाढते. मी तिला आठवड्यातून दोनदाच पाणी देतो.

या कुलातील सर्वांत मोठी संपत्ती मात्र रताळे हीच आहे आणि आपला भाग त्यासाठी नावाजलेला आहे. बेळगावच्या पश्चिम पट्ट्यातील आणि खानापूर तालुक्यातील लाल, निचऱ्याच्या जमिनीत पावसाळी रताळे घेतले जाते आणि येथील माल उत्तर भारतापर्यंत जातो. बेण्यासाठी निरोगी वेलीच्या शेंड्याकडचे २० ते ३० सेंटीमीटरचे, तीन-चार डोळे असलेले तुकडे निवडावेत. सरी-वरंब्यात ६० सेंटीमीटर आणि दोन बेण्यांत २० सेंटीमीटर अंतर ठेवल्यास एकरी सुमारे ३३ हजार बेणी लागतात. मधले डोळे मातीत आणि दोन्ही टोके वर राहतील असे बेणे लावावे. नत्र जास्त दिल्यास वेल माजते आणि खाली कंद भरत नाही. पसरणाऱ्या वेलीला पेरापेरांवर मुळे फुटू लागली, की ती अलगद उचलून परतावी. बहुतेक वाण १०५ ते १२० दिवसांत काढणीला येतात. तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेचे भू सोना हे नारिंगी गराचे आणि भू कृष्णा हे जांभळ्या गराचे वाण लहान तुकड्यात करून पाहण्यासारखे आहेत. नारिंगी गरातून अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य भरपूर मिळते. कोवळ्या शेंड्यांची पालेभाजीही होते. आपल्याकडे तो सारा पाला गोठ्यात जातो, याचे मला वाईट वाटते.

या पिकाचा खरा शत्रू सोंड्या भुंगा आहे. त्याची मादी कंदात किंवा बुडाशी अंडी घालते, अळी आतून पोखरते आणि थोडासा पोखरलेला कंदही कडू होतो. पाऊस संपल्यावर जमीन भेगाळली, की भुंगा त्या भेगांतून कंदापर्यंत पोहोचतो. म्हणून लावणीनंतर साधारण एका महिन्याने आणि पुन्हा दोन महिन्यांनी वरंब्याला माती चढवावी, भेगा बुजवाव्यात आणि काढणी लांबवू नये. कामगंध सापळे लावावेत. शेताच्या कडेला बेशरम किंवा आयपोमियाच्या रानवेली असतील, तर भुंगा पीक नसलेल्या काळात त्यांवर तग धरतो, त्यामुळे रताळ्याच्या शेताभोवतीची पंधरा-वीस पावले तरी त्यांपासून मोकळी ठेवावीत. दूरच्या बांधावरील रानवेल मधमाश्यांसाठी राहू द्यावी. त्याच शेतात लागोपाठ रताळे न घेता मध्ये भात किंवा नाचणी घ्यावी.

काढणीनंतर पोखरलेले कंद आणि बुडखे शेतात सोडू नयेत, ते खोल खड्ड्यात पुरावेत. बुरशी लागून काळे पडलेले रताळे म्हशीपुढे टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. अशा कंदात तयार होणारे विषारी द्रव्य गाई-म्हशींच्या फुप्फुसांवर आघात करते आणि जनावर धापा टाकत दोन-चार दिवसांत दगावू शकते. सडका भाग कापून उरलेले रताळे देणेही सुरक्षित नाही, कारण ते द्रव्य न सडलेल्या दिसणाऱ्या भागातही उतरलेले असू शकते. ते सगळेच खड्ड्यात जायला हवे.